बारा माशांचा तोळा

सराफ्यात वाढलेल्या मुलाला मासा आधी वजनाचा कळतो, पाण्यातला नंतर. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आमचं घर ग्वाल्हेरच्या सराफा बाजारात. खाली काकांची पेढी, वर आम्ही. तिथून सगळ्यात जवळचा समुद्र गाठायचा तरी एक अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. त्यामुळे मच्छीमारांच्या गावांवर मी लिहावं हे माझ्या बायकोला फारसं पटलेलं नाही. तिचं माहेर वसईचं. माशांबद्दल जे काही खरं आणि कामाचं असेल ते तिच्या नावावर टाकायचं, या अटीवर तिने हा लेख लिहू दिला आहे.

गावं मात्र कोकणातली नाहीत, नॉर्वेतली आहेत. कंपनीच्या कामासाठी मी आठ महिने ओस्लोला होतो. मार्चअखेर बायको आली आणि चार दिवसांची सुट्टी काढून आम्ही लोफोटेनला गेलो. नॉर्वेचा नकाशा उघडलात तर वरच्या बाजूला, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, किनाऱ्यापासून तिरकी समुद्रात शिरलेली बेटांची एक रांग दिसेल. तेच लोफोटेन. अक्षांश ६८च्या आसपास, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या २६शी हिशेब लावा. बेटं पुलांनी आणि समुद्राखालच्या बोगद्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. सगळ्यांना ओवणारा एकच मुख्य रस्ता, ई-१०, आणि तो जिथे संपतो त्या गावाचं नाव एका अक्षराचं आहे. नॉर्वेजियन वर्णमालेतलं ते शेवटचं अक्षर. रोमन ‘ए’च्या डोक्यावर छोटं वर्तुळ काढतात आणि उच्चार करतात साधारण आपल्या ‘ओ’सारखा. कोणी हाक मारली की आपण देतो तोच ओ. अर्थ विचारला तर कळलं, ओढा. ओ म्हणजे ओढा! शाळेच्या भाषांतराच्या पेपरात असं काही आलं असतं तर मराठीत माझे मार्क बरे असते.

बोडो नावाच्या शहरातून आम्ही गाडीसकट फेरीबोटीत चढलो. साडेतीन तासांच्या आसपासचा प्रवास. पहिले दोन तास दिसत काहीच नाही, नुसतं राखाडी पाणी आणि पोटात ढवळणं. मग क्षितिजावर एक भिंत उगवते. काळा खडक, वर बर्फ, आणि एवढी सलग की इथे माणसाला पाय ठेवायला जागा असेल असं वाटतच नाही. जवळ गेल्यावर त्या भिंतीच्या पायथ्याशी लाल ठिपके दिसू लागतात. ती घरं. मागे हजार-आठशे मीटरचा सरळ उभा कडा, पुढे समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. अर्धं गाव तर पट्टीवरही मावत नाही, ते लाकडी खांबांवर पाण्यात उभं आहे.

या खांबांवरच्या खोल्यांना रोरबू म्हणतात. रो म्हणजे वल्हवणं, बू म्हणजे राहणं. सन ११२०च्या सुमारास ओयस्टाईन नावाच्या राजाने बाहेरगावाहून होड्या वल्हवत येणाऱ्या मच्छीमारांसाठी अशा खोल्या बांधून घेतल्याचं सांगतात. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर जन्मायला अजून दीडशे वर्षं होती तेव्हा तिथे हंगामी कामगारांच्या चाळी उभ्या राहत होत्या! लाल रंगामागेही काव्य नाही. मातीतला गेरू माशाच्या तेलात कालवला की तो रंग होतो आणि तोच सगळ्यात स्वस्त पडायचा. पांढरा रंग महाग, म्हणून पांढरं घर मालकाचं. फोटोत जे एवढं देखणं दिसतं ते मुळात कोणाकडे पैसे होते आणि कोणाकडे नव्हते याचा तक्ता आहे.

आता मुद्द्याचा मासा. इंग्रजीत कॉड. त्यातला जो उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात मोठा होतो आणि दर हिवाळ्यात शेकडो किलोमीटर पोहून लोफोटेनच्या पाण्यात अंडी घालायला येतो, त्याला तिथे स्क्राई म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ भटकणारा. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा हंगाम. वर्षभर बाहेर राहायचं आणि ठरल्या वेळी जन्मगावी यायचं, हे मला ओळखीचं वाटलं. गणपतीत ग्वाल्हेरचं स्टेशन बघा.

हे पाणी गोठत कसं नाही? ६८ अक्षांशावर सायबेरियात आणि ग्रीनलंडमध्ये जी थंडी पडते ती इथे पडत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याला घासून जातो. लोफोटेनच्या टोकाकडच्या बेटांवर जानेवारीतही तापमान शून्याच्या आगेमागे असतं. आणि हे जे शून्याच्या आगेमागे आहे, त्याच्यावर हजार वर्षांचा व्यापार उभा आहे. मासा साफ करायचा, डोकं वेगळं काढायचं, दोन-दोन मासे शेपटीला बांधायचे आणि उघड्यावर लाकडी मांडवावर टांगून ठेवायचे. मीठ लावायचं नाही, धुरी द्यायची नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वारा आणि थंडी मिळून ते काम करतात. फार गोठलं तर आत बर्फाचे कण होऊन मांस भुसभुशीत होतं. फार ऊब आली तर माश्या बसतात. दोन्हींच्या मधली हवा लागते आणि ती इथे मिळते. माशातलं बहुतेक सगळं पाणी जातं, चार-पाच किलोंचा एक किलो उरतो, आणि तो लाकडाच्या ओंडक्यासारखा टणक मासा वर्षानुवर्षं टिकतो.

मांडव पहिल्यांदा दिसले तेव्हा बायकोने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “हे आमचे बोंबील आहेत. फक्त मोठे झालेत.” वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबू आणि दोऱ्यांच्या रांगांवर बोंबील असेच टांगतात. तिथे ऊन वाळवतं, इथे थंडी. तिथे दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवतात, इथे शेपट्या बांधतात. बाकी तेच. वासही तोच, फक्त थंडीमुळे जरा सभ्य. मी नाकाला मफलर लावला होता आणि ती म्हणाली, “तुमच्या सराफ्यात तेजाबाचा वास येतो तेव्हा मी काही बोलते का?”

खरं होतं. म्हणून मफलर काढला.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो ते एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. रोरबूच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात आणि शेजारच्या वखारीत भावाच्या मुलाचा सुक्या माशाचा धंदा आहे. स्वतः त्यांनी चाळीस वर्षं ‘व्राकर’ म्हणून काम केलं. व्राकर म्हणजे प्रत काढणारा. उन्हाळ्यात मासे मांडवावरून उतरवून वखारीत मुरवतात, आणि मग हा माणूस एकेक मासा हातात घेऊन त्याची प्रत ठरवतो. प्रती वीसच्या आसपास. लांबी, जाडी, रंग, मानेजवळचा काप कसा बसलाय, पोटाच्या आत डाग आहे का, कुठे गोठल्याची खूण आहे का, आणि वास. प्रतींची नावं ऐकण्यासारखी आहेत. एक ब्रेमेर, जर्मनीतल्या ब्रेमेनवरून. एक हॉलेंडर. काही इटालियन, कारण सगळ्यात चांगला माल इटलीत जातो. ज्या गावचं गिऱ्हाईक, त्या गावचं नाव मालाला. पाच-सातशे वर्षांपूर्वी जर्मन व्यापारी बर्गनच्या धक्क्यावर बसून लोफोटेनचा मासा घ्यायचे, त्यांची नावं अजून वखारीतल्या ढिगांना चिकटलेली आहेत.

गेल्या वर्षीचा थोडा माल शिल्लक होता. आजोबांनी (आम्ही त्यांना आपसात आजोबाच म्हणत होतो) दोन मासे काढून माझ्या हातात दिले आणि विचारलं, कुठला चांगला? मला दोन्ही सारखे. त्यांनी एक उचलला, उजेडाकडे धरला, पोटाची बाजू नाकाशी नेली, बोटाच्या पेराने पाठीवर टकटक केली आणि बाजूला ठेवला. सगळं मिळून चार सेकंद. हा इटलीला, तो नाही.

ही चार सेकंदं मी लहानपणापासून बघत आलो आहे. काका गद्दीवर बसतात. समोर कोणी गावाकडची बाई रुमालाची गाठ सोडून जुनी पाटली ठेवते. काका ती तळहातावर घेऊन नुसती झुलवतात. मग काळ्या कसोटीवर एक रेघ, शेजारी माहीत असलेल्या सोन्याची दुसरी रेघ, वर तेजाबाचा थेंब. रेघ किती फिकी पडते ते बघायचं. पण खरं सांगायचं तर काकांचा अंदाज झुलवतानाच झालेला असतो, रेघ असते समोरच्या बाईसाठी. तिला दिसावं म्हणून.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर मी काकांना व्राकर दाखवला. काकांनी माशाबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांचा प्रश्न असा होता, “त्याने प्रत चुकवली तर भुर्दंड कोणाचा?” मी भाषांतर करून विचारलं. आजोबा हसले. म्हणाले, पैसे वखारवाल्याचे जातात, पण इटलीहून फोन येतो तो माझं नाव घेऊन. काका म्हणाले, “बरोबर. मग तो आपल्यातला आहे.” आणि फोन काकूकडे दिला. काकूने स्वेटर घातलाय ना एवढं विचारून ठेवला.

तो माल जातो कुठे याची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १४३१ साली पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी क्रीटहून दारू आणि इतर माल भरून फ्लँडर्सकडे निघाला. वादळात सुकाणू गेलं, जहाज सोडून ६८ माणसं छोट्या होड्यांत उतरली, आणि १४३२च्या जानेवारीत त्यातली ११ जिवंत माणसं लोफोटेनच्या टोकाला, रोस्टजवळच्या एका निर्जन बेटावर लागली. रोस्टच्या मच्छीमारांनी त्यांना शोधून घरी नेलं आणि उन्हाळा लागेपर्यंत सांभाळलं. जाताना ते सुका मासा घेऊन गेले. आज व्हेनिसच्या आसपासच्या गावांत हा मासा सणाचं जेवण आहे, आणि त्या प्रदेशात एक थेंब कॉड पोहत नाही. डोकी जातात नायजेरियाला. ६०च्या दशकातल्या बियाफ्राच्या युद्धात मदत म्हणून सुका मासा तिथे पोचला, लोकांना चव लागली, ती आजतागायत. डोक्यांना दोरीत ओवून वेगळ्या मांडवावर टांगतात. त्यांच्या रांगेखालून जाताना मात्र मी मान वर केली नाही.

डोकं टाकत नाहीत, तसं काहीच टाकत नाहीत. काळजाचं तेल, गाभोळी, सगळं विकलं जातं. आपल्या सराफ्यात नियारिये येतात ना पहाटे, गल्लीतली धूळ झाडून, धुऊन त्यातला सोन्याचा कण काढणारे, मराठीत ज्यांना झारेकरी म्हणतात, तसा हा हिशेब.

आणि जीभ. यावर मी जरा थांबणार आहे. कॉडच्या जिभा तिथे आवडीने खातात, आणि त्या कापायचं काम परंपरेने फक्त मुलांचं. दुपारी शाळा सुटली की दहा-बारा वर्षांची मुलं रबरी एप्रन आणि गमबूट घालून धक्क्यावर येतात. एका खिळ्यासारख्या उभ्या सळईवर डोकं खोवायचं, सुरी फिरवायची, जीभ काढायची, डोकं पलीकडच्या पिंपात. आमच्यासमोर एक मुलगी होती, पाचवीतली असेल. तिचा हात एवढा भराभर चालत होता की बायको, जी स्वतः मासे कापते, म्हणाली, “मला जमणार नाही.” सुरी खरी, धारेची. शेजारी कोणी मोठं माणूस ‘जपून गं’ म्हणत उभं नव्हतं. जिभा मुलं स्वतः विकतात, घरोघरी किंवा हॉटेलांना, आणि पैसे त्यांचे. हंगामात चांगले, अगदी आपण दचकावं इतके पैसे जमतात. तिने काय घेणार हे सांगितलं नाही, पण किलोचा भाव विचारल्यावर कोपऱ्यावरच्या हॉटेलपेक्षा आपली जीभ ताजी असल्याचं बजावून सांगितलं.

मला दहाव्या वर्षी तराजूला हात लावायची परवानगी नव्हती. “तू अभ्यास कर” हे वाक्य आमच्या घरात देवाच्या आरतीइतकं नियमाने म्हटलं जायचं. मी केला. बी.ई. झालो, चुलत भाऊ सी.ए. झाला, तो इंदूरला असतो. याबद्दल तक्रार नाही, ओस्लोला पाठवलं ते त्या अभ्यासानेच. पण कसोटीवरची रेघ मला आजही वाचता येत नाही. तीन पिढ्या जे करत होत्या ते मी खिडकीतून बघितलं आहे, एवढंच.

लोफोटेन म्हणजे आनंदी मच्छीमारांचा स्वर्ग असं मात्र समजू नका. हे गाव कोणाचं, यावर तिथे फार भांडणं झाली आहेत. पूर्वी प्रत्येक गावाला एक मालक असे. धक्का त्याचा, रोरबू त्याच्या, दुकान त्याचं. मच्छीमार मासा त्यालाच विकणार, तो म्हणेल त्या भावाने, आणि पीठ-साखर त्याच्याच दुकानातून उधारीवर नेणार. सावकारी म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. १८५७ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच साली तिथे कायदा होऊन समुद्र सगळ्यांना मोकळा झाला. १८९०च्या मार्चमध्ये काही श्रीमंत बोटवाल्यांनी वाफेच्या जहाजांनी ट्रोलफ्योर्ड या खाडीचं तोंड जाळ्यांनी बंद केलं आणि आतले सगळे मासे आपले म्हणून जाहीर केलं. तेव्हा शेकडो साध्या होड्यांतले मच्छीमार बर्फ आणि काठ्या घेऊन त्यांच्यावर चालून गेले आणि आत शिरले. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती १९३८ची गोष्ट. त्या वर्षी कायद्याने मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघाला पहिल्या विक्रीचा किमान भाव ठरवण्याचा हक्क मिळाला. त्याच्या खाली मासा विकत घ्यायचा नाही. तो संघ आणि तो नियम अजून चालू आहे. आजोबांनी मोबाइलवर त्या दिवसाचा भावाचा तक्ता उघडून दाखवला, जसा काका सकाळी सोन्याचा भाव बघतात. फरक एवढाच की सोन्याचा भाव सराफ्यात ठरत नाही. तो मुंबईहून येतो, मुंबईत लंडनहून येतो.

मच्छीमार अर्थात कमी झाले. १९४०च्या दशकात हंगामाला २०,०००च्या आसपास माणसं इथे यायची. बोटी मोठ्या झाल्या, यंत्रं आली, आता त्यातला छोटासा हिस्सा उरलाय. रिकाम्या रोरबूंत आमच्यासारखे पाहुणे झोपतात. खाली गरम फरशी, कॉफी मशीन, खिडकीत समुद्र. वल्हेकऱ्यांच्या त्या खोलीत दहा-बारा माणसं एकेका फळीवर दोघं-दोघं झोपत, हे वाचून मग आपण त्या पलंगावर पाय पसरतो.

तिसऱ्या दिवशी नुसफ्योर्डला गेलो. जुन्या गावांत सगळ्यात नीट जपलेलं म्हणून नाव आहे, आणि १९७५च्या युरोपीय वास्तुवारसा वर्षात नॉर्वेने आदर्श म्हणून निवडलेल्या ठिकाणांत ते होतं. सुंदर आहे, शंकाच नाही. पिवळी-लाल घरं आरशासारख्या पाण्याभोवती अर्धगोलात बसली आहेत. जुनं दुकान जुन्या डब्यांसकट तसंच. उन्हाळ्यात गावात शिरायला तिकीट लागतं. मी तासभर फिरलो आणि मला कळेना की काय खटकतंय. बायकोनेच सांगितलं. “इथे वास येत नाही.” गाव वाचलं खरं. छप्परं शाबूत, खांब शाबूत. तिकीट नसतं तर कदाचित दोन्ही राहिली नसती, हेही मला मान्य आहे. तरीही पैसे टाकून निवडायचं झालं तर मी हेनिंग्सवेर घेईन. तिथे कॉफीची दुकानं आहेत, चित्रांची दालनं आहेत, खडकांच्या मधोमध ते जगप्रसिद्ध फुटबॉलचं मैदान आहे, आणि त्या मैदानाच्या अवतीभोवती मासे टांगलेले आहेत. गोलकीपरला वास येत असणार. कोणी तक्रार करत नाही, कारण अर्ध्या संघाच्या घरी तोच धंदा.

रायने गावावर जो कडा आहे, रायनेब्रिंगेन, त्याच्या वरून काढलेला फोटो तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेला असेल. चढणाऱ्यांच्या पायांनी डोंगर इतका झिजला की शेवटी नेपाळहून शेर्पा बोलावून दगडी पायऱ्या बांधून घ्याव्या लागल्या, दोन हजारांच्या जवळपास. मार्चमध्ये तिथे बर्फ असतो आणि हिमकडे घसरतात, म्हणून आम्ही खालूनच बघितलं. पायऱ्यांपुढचा प्रश्न मोठा आहे. या समुद्राखाली तेल आहे. नॉर्वे हा तेलावर श्रीमंत झालेला देश, तरी लोफोटेनच्या पाण्यात विहिरी खणायच्या की नाहीत यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालला, आणि आजवर खणलेल्या नाहीत. २०१९मध्ये तर एवढ्या दिवसांचा तेलाचा पाठीराखा लेबर पक्षही मागे हटला. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, तेल एकदाच निघतं, स्क्राई दरवर्षी येतो. मग थोडं थांबून, आजवर तरी आलाय. समुद्र तापतोय आणि मासा उत्तरेकडे सरकेल ही धास्ती त्यांनाही आहे. उत्तरध्रुवीय प्रकाश त्याच रात्री दिसला. त्याचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत आणि माझे त्याहून चांगले नाहीत, म्हणून सोडून देतो.

परत आल्यावर मेमध्ये ग्वाल्हेरला गेलो. सराफा म्हणजे लश्करचा गाभा. १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, छावणीचं शहर झालं आणि नावही लश्करच राहिलं. त्या छावणीमागोमाग आलेल्या मराठी घरांपैकी सराफ्याच्या आसपास आता मोजकीच उरली. आमच्या पेढीच्या दोन्ही बाजूंना काचेची दुकानं झाली आहेत. दागिन्यांना २०२१पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, २०२३पासून प्रत्येक नगावर सहा अक्षरं-आकड्यांचा क्रमांक. ही फार चांगली गोष्ट आहे आणि मी काकांसमोरही तसंच म्हणतो. रुमाल सोडणाऱ्या बाईने काकांच्या भल्या-बुऱ्या मनावर का अवलंबून राहावं? शुद्धता आता किरणांचं यंत्र अर्ध्या मिनिटात सांगतं. पण यंत्राला जुनी पाटली कोणत्या काळातली, डाग कुठे भरलाय, दगड खरा की काच, आणि ही बाई खरोखर विकायला आली आहे की घरी भांडून, हे कळत नाही. काकांना कळतं. मोडीचं काम अजून बरंचसं त्यांच्याकडे येतं ते म्हणून.

एका मोठ्या शोरूमवाल्यांनी पुढची जागा भाड्याने मागितली आहे. रक्कम काकांच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त. वरचा कोरीव सज्जा ते जपतील, दिवे लावतील, समोर लोक फोटोही काढतील. घरात दोन तट आहेत. इंदूरचा भाऊ म्हणतो द्या, काकांनी आयुष्यभर पाठ मोडली, आता बसून खाऊ द्या. त्याचं चूक नाही. मी सुचवलं की मागची खोली आणि गद्दी काकांकडे ठेवून फक्त पुढचं द्यावं. त्यावर शोरूमवाले विचार करतो म्हणाले, म्हणजे बहुधा नाही म्हणतील.

दरम्यान मी काकांना त्या जीभ कापणाऱ्या मुलीचा व्हिडिओ दाखवला होता. हा त्यांनी तीनदा बघितला. जूनमध्ये भावाची मुलगी सुट्टीला आली, अकरा वर्षांची. काकांनी तिला गद्दीवर शेजारी बसवलं, कसोटी दिली, वेगवेगळ्या कसाचे वीस तुकडे दिले. बरोबर ओळखला की तुकड्यामागे दहा रुपये, चुकला की पाच परत. काकू म्हणाल्या, सुट्टीत पोरीला अभ्यास करू द्या. काका म्हणाले, करतेच आहे.

पहिल्या दिवशी तिचं देणं निघालं. मी निघालो त्या दिवशी वीसपैकी चौदा आले होते, आणि ती काकांशी हुज्जत घालत होती की पंधरावा तुकडा काकांनी मुद्दाम घासून ठेवलाय. भाड्याचा कागद फळीवर वजनांच्या डब्याखाली आहे. दिवाळीपर्यंत मुदत आहे.